समाधानपत्राचा मसुदा

त्या पत्रात पाच वाक्यं आहेत. खाली सही अर्धापूरच्या एका बाईची आहे. वाक्यं पाचही माझी आहेत. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, घरीही नाही. बायको म्हणते, तुमच्या पोटात काय चाललंय ते तुमच्या शर्टालाही कळत नसेल. खरंच आहे ते. न बोलण्याची मला सवय आहे, आणि लोक तिला सज्जनपणा समजतात, त्यामुळं ती सुटतही नाही.

मी मूळचा आयटीआयचा माणूस. नांदेडला एकोणीस वर्षं पोरांना कानस कशी धरायची, लेथवर हात कसा सांभाळायचा, हे शिकवलं. मग नवउद्योगांना मदत करणारं एक केंद्र निघालं आणि तिथं तांत्रिक माणूस हवा म्हणून मला प्रतिनियुक्तीवर पाठवलं. गार खोली, फिरती खुर्ची, हाताला ग्रीस नाही. पहिल्या महिन्यातच मला कळलं, की इथून आपल्याला परत जायचं नाही.

केंद्राची योजना सांगायला सोपी होती. ज्यानं नवा धंदा काढलाय त्याला यंत्र बनवून हवं असतं, माल तपासून हवा असतो, वेष्टन लागतं. त्याचा निम्मा खर्च केंद्र देणार, निम्मा त्यानं घालायचा. अट एकच. काम आमच्या यादीतल्या सेवा पुरवठादाराकडूनच करून घ्यायचं. आणि ही यादी करायची तिघांनी. केंद्रप्रमुख, लेखाधिकारी आणि मी. तांत्रिक क्षमतेचे दहा गुण माझ्या हातात.

गुणतक्ता आधी पेन्सिलीनं भरायचा, ही आमच्याकडची रीत. कुठल्या नियमात ती लिहिलेली नाही. प्रत्येकानं आपापल्या रकान्यात पेन्सिलीनं आकडे टाकायचे, मग तक्ता केंद्रप्रमुखांकडं जायचा. ते बेरीज बघायचे. कधी म्हणायचे, “छान.” कधी चष्मा काढून पुसत बसायचे. चष्मा पुसायला लागले, की आम्ही दोघं आपापल्या रकान्याकडं पुन्हा बघायचो. मग पेन. इतकी वर्षं झाली, पण ‘अमक्याला इतके द्या’ असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही. माणूस भला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि मला कायम ‘सर’ म्हणणारा.

अर्धापूरची ती बाई पहिल्यांदा आली ती दोन स्टीलचे डबे घेऊन. तिशीची असेल. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली. टेबलावर डबे उघडून ठेवले. एकात राखेच्या रंगाचं पीठ होतं, दुसऱ्यात पांढरं, पण चमचाभरच.

“हे कच्च्या केळ्याचं पीठ सर. लहान लेकरांला चालतं, शुगरवाल्यांला चालतं. आमच्याकडं ट्रक भरून गेला की डाग पडलेली केळी मागं राहतेत. कुणी विचारत न्हाई त्याला. हे काळं हाय ते गच्चीवर वाळवलेलं. आणि हे पांढरं, लिंबाच्या पाण्यातून काढून टेबलफॅनपुढं रात्रभर बसून केलेलं. मला ह्या चमच्याचं पोतं करायचंय.”

मला हसू आलं. तिलाही आलं. मग तिनं जे सांगितलं ते हसून सांगितलं, म्हणून मी त्याला फारसं वजन दिलं नाही. नवरा चाकणला कंपनीत. तिनंही तिकडंच जावं, असं सगळ्यांचं म्हणणं. सासऱ्यांनी तिला केळीचा एक हंगाम दिला होता. तेवढ्यात जमलं तर इथंच राहा, नाही जमलं तर बॅग भर. “एका खोलीत बसून दिवसभर टीव्हीची मालिका बघायची न्हाई सर मला,” ती म्हणाली. “मी मरून जाईन तिथं.” असं लोक बोलतात. मी मान हलवली.

तिला हवा होता ड्रायर. वाळवणीचं यंत्र. त्यासाठी ज्यांचे अर्ज आले होते त्यात एक पुण्याची एजन्सी होती आणि एक लातूरचे कारागीर, सगळे ज्यांना काका म्हणतात. काकांचं लातूरला वर्कशॉप. डाळ गिरण्यांना लागणारे ड्रायर ते तीस वर्षं बनवत होते. स्थळपाहणीला मी गेलो तेव्हा बरोबर अर्धापूरच्या कच्च्या केळ्यांची पिशवी नेली. तिनंच दिली होती. नियमात हे बसत नव्हतं, पण वर्कशॉपचा माणूस मेलेला नव्हता माझ्यातला अजून.

काकांनी कपाळावरच्या भस्माला धक्का न लावता घाम पुसला आणि केळ्यांकडं बघितलं.

“डाळीच्या मशीनीत केळं? बरं हाय. उद्या म्हणताल उसाचा पापड करा.”

तरी त्यांनी चकत्या करायला लावल्या. डाळीच्या जाळीवर पातळ पसरल्या, बर्नर जवळजवळ बंदच केला आणि पंखा पूर्ण सोडला. मी म्हटलं, आग वाढवा की. ते म्हणाले, “आगीनं भाजतंय सर, वाऱ्यानं वाळतंय. घाई केली की काळं पडतंय. डाळीचंबी तसंच हाय आन् माणसाचंबी.” दुपारी त्यांच्या घरून डबा आला, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही दोघांनी एका ताटलीत खाल्लं. जेवण होईपर्यंत चकत्या वाळल्या होत्या. बोटात धरून मोडली की कट्‌ असा आवाज यायचा. रंग पांढरा.

परतीच्या एसटीत मी वहीवर लिहिलं, दहापैकी नऊ. एक गुण कशाचा कापला ते मलाही आठवत नाही. मास्तर माणूस पूर्ण गुण देत नाही, एवढंच.

समितीपुढं काका आले ते इस्त्रीचा सदरा घालून. फाइलीत अर्ज, नोंदणीचे कागद, आणि एक खिशातली डायरी. केंद्रप्रमुखांनी विचारलं, “पूर्वी केलेल्या कामाचे दाखले कुठायत?”

काकांनी डायरी पुढं सरकवली. “हे सगळे गिरणीवाले. लातूर, उदगीर, बिदरपातूर. कुणालाबी लावा फोन. कोणचंबी पान काढा.”

“अहो काका, दाखला पाहिजे. लेटरहेडवर. जावक क्रमांक टाकून. फोनला जावक क्रमांक असतो का?”

“न्हाई साहेब,” काका म्हणाले, “फोनला माणूस असतोय.”

लेखाधिकारी मोठ्यानं हसले. केंद्रप्रमुखही हसले. मी हसलो की नाही, ते मला आठवून बघायचं नाही. आमच्या तिघांचे तीन मोबाइल टेबलावर पडले होते. डायरी तिथंच पडली होती. एक फोन लावला असता तर दोन मिनिटं लागली असती. तिकडं असंच चालतं, हे मला चांगलं माहीत होतं. गिरणीवाला कारागिराला दाखला देत नाही, दुसरा गिरणीवाला पाठवतो. काकांना बाहेर गाठून ‘चार जणांकडून चार ओळी लिहून आणा, मी थांबवतो आजचा दिवस’ असं मी म्हणू शकत होतो. मी पाणी प्यायला गेलो आणि दुसऱ्या दारानं आत आलो.

पुण्याच्या एजन्सीनं पडद्यावर रंगीत सादरीकरण केलं. त्यांनी दाखवलेल्या ड्रायरचा फोटो मी आधी बघितला होता, मिरची वाळवण्याच्या यंत्रांच्या एका कॅटलॉगमध्ये. यंत्र त्यांचं नव्हतंच. ते बाहेरून करून घेणार, वर आपल्या नावाची पट्टी लावणार. हे मला दिसलं. मी पेन्सिलीनं सात लिहिले.

तक्ता केंद्रप्रमुखांकडं गेला. त्यांनी चष्मा काढला.

“सर, लातूरवाल्यांना अनुभवाचे शून्य आहेत, कागदच नाहीत म्हणून. आणि तुमचे नऊ. त्या नवावर ते पात्रतेच्या रेषेच्या वर येतायत. माझी काही हरकत नाही. फक्त उद्या कुणी विचारलं, ह्या गृहस्थांशी तुमचं काय नातं, तर?”

नातं एवढंच होतं, की मी त्यांची भाकरी खाल्ली होती. पण दुसरं एक होतं, ते सांगतो. त्याच आठवड्यात माझ्या प्रतिनियुक्तीच्या मुदतवाढीची फाइल त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी तिचा उच्चार केला नाही. त्यांच्या मनातही नसेल. माझ्या मनात होती. मी लेखाधिकाऱ्यांकडं खोडरबर मागितला. नऊ खोडले, चार लिहिले. कागदावर रबराची काळी वळवटं पडली, ती मीच फुंकली. मग पेन. काका रेषेखाली गेले. वाळवणीच्या यंत्रासाठी यादीत एकच नाव उरलं. मुदतवाढ पुढच्या सोमवारी आली.

यादी लागल्यावर अर्धापूरची बाई आली.

“सर, लातूरचे काका कुठायत? तुम्हीच तर म्हणले होते, चकत्या पांढऱ्या निघाल्या.”

“कागद कमी पडले त्यांचे.”

“कागदच ना? मशीन तर कमी न्हाई पडली?” मग तिनं विचारलं, “मी त्यांच्याकडून परभारे करून घेतलं तर?”

“मग केंद्राचा निम्मा वाटा मिळणार नाही.”

“आणि निम्म्या पैशात निम्मी मशीन कुणी देत न्हाई.” ती यादीकडं बघत राहिली. “हे पुण्याचे चांगले हायत का सर? तुम्ही सांगताल तसं.”

तुम्ही सांगाल तसं. मी म्हणालो, “मोठी एजन्सी आहे. करतील नीट.”

यंत्र आलं ते कटाई निम्मी उरकल्यावर. बाहेरून झकास. चकचकीत पत्रा, डिजिटल आकडे, वर एजन्सीचं स्टिकर. चकत्या मात्र कडेनं तपकिरी व्हायच्या आणि मधे ओल्या राहायच्या. तिनं चकत्या पातळ केल्या, लिंबू वाढवलं, वेळ बदलून बघितली. एजन्सीचा इंजिनीअर मोबाइलवर दिसायचा आणि मोबाइलवरूनच जायचा.

तिनं फोन केला. “सर, ते म्हणून राहिले, रॉ मटेरियल बदलून बघा. अर्धापुरात केळी बदलून काय आणू, सफरचंद?” तेव्हाही ती हसत होती. हंगामाचे पाच-सहा आठवडे बाकी होते.

मी बघायला गेलो. शेडच्या बाजूला तपकिरी चकत्यांचा ढीग होता. तिच्या सासूबाई म्हणाल्या, “म्हशीला लई आवडलंय बघा तुमचं पीठ. सरकारी खुराक.” सासऱ्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

यंत्राचा दोष मला दारातूनच कळला. पंखा लहान, आणि तोही खालच्या बाजूला. गरम हवा तळातच फिरत होती. आगच आग, वारा नाही. मोठा पंखा घेऊन मागं बसवायचा, दोन झडपा कापायच्या. आयटीआयच्या पोरांना घेऊन बसलो असतो तर एका रविवारचं काम.

“सर, तुम्ही वर्कशॉपवाले ना?” ती म्हणाली. हातात पाना होता. कुणाकडून तरी आणून ठेवला असावा माझ्यासाठी. “एकदा उघडून बघा ना.”

मी म्हणालो, “करारात आहे, यंत्रात फेरफार केला तर त्यांची जबाबदारी संपते.”

“त्यांची जबाबदारी कधी चालू झाली सर?”

मी चहा घेतला आणि निघालो. पाना तिनं खाली ठेवला तो आवाज मी पाठीमागून ऐकला. करारातलं कलम खरं होतं. पण मी कलमाला भ्यालो नव्हतो. यंत्र उघडलं असतं, तर माझ्या सात गुणांचं काय, हे लेखी सांगावं लागलं असतं.

हंगाम संपला. आता वर्ष बंद करायचं होतं, आणि लाभार्थ्याचं समाधानपत्र असल्याशिवाय फाइल बंद होत नाही. केंद्रप्रमुख म्हणाले, “सर, तुमचं ऐकतील त्या.” सकाळी बसून मी मसुदा टाइप केला. यंत्र वेळेत मिळालं, यंत्र व्यवस्थित चालतं, प्रशिक्षण मिळालं, सेवेबाबत मी पूर्णपणे समाधानी आहे, इतर उद्योजकांनाही शिफारस करते.

दुपारी ती आली. पत्र मोठ्यानं वाचायला लागली आणि चौथ्या ओळीला थांबली.

“‘पूर्णपणे’ काढा सर.”

“फॉरमॅट आहे तो.”

“फॉरमॅट कुणी केला?”

मग माझ्या तोंडून ते निघालं, जे मी ठरवून आलो नव्हतो, असं मला अजून म्हणावंसं वाटतं. मी म्हणालो, “ही फाइल बंद झाल्याशिवाय तुम्हाला पुन्हा अर्ज करता येत नाही. ही बंद करा. पुढच्या खेपेला लातूरचे काका यादीत येतील. मग त्यांच्याकडून करून घ्या.”

तिचा चेहरा उजळला. ते मला विसरता येत नाही. “येतील?”

“येतील.”

त्याच्या चारच दिवस आधी मी काकांना फोन केला होता, पुन्हा अर्ज करा म्हणायला. नेहमीसारखा नमस्कार घालत ते म्हणाले होते, “शरणार्थ सर. न्हाई, आता न्हाई. तुमाला मशीन चालवून दावली, आजून काय दावू? तुमी तर डोळ्यानं बघितलता.” आवाजात राग नव्हता. “जेवायला कवाबी या.” म्हणजे ‘येतील’ म्हणताना मला माहीत होतं. केळ्याचं पीठ, पुण्याचं यंत्र, चार गुण, ह्या सगळ्यात मी थोडा थोडा भित्रा होतो. हा एक शब्द बोलताना मात्र मी नुसता भित्रा नव्हतो.

तिनं सही केली, अक्षर सुरेख. जाताना म्हणाली, “सासऱ्यांला सांगते, आणखी एक हंगाम द्या म्हणून.” त्यांनी दिला नाही. उन्हाळ्यात ती चाकणला गेली. यंत्र शेडमध्ये आहे. त्याचे ट्रे सासूबाईंनी सांडगे वाळवायला काढून घेतलेत.

पुढच्या खेपेची निवड झाली तेव्हा पुण्याच्या एजन्सीच्या फाइलीत सगळ्यात वर, प्लॅस्टिकच्या पाकिटात, ते पत्र होतं. केंद्रप्रमुख खूष. “बघा सर, आता आपल्याच भागातला अनुभव आहे यांना. आणि शिफारसही.” अनुभवाचे दहापैकी दहा. वाळवणीच्या यंत्रासाठी दुसरा कुणी आलाच नव्हता.

त्या दिवशी मी बोललो. आयुष्यात एकदा. म्हणालो, “साहेब, ते यंत्र चालत नाही. मी स्वतः बघितलंय.”

“तसं लेखी आहे काही?”

माझा पाहणी अहवाल मी कधी लिहिलाच नव्हता. लेखी होतं ते त्या पाकिटात होतं. त्यांनी ते माझ्यापुढं सरकवलं, हळूच, मला अपमान वाटू नये म्हणून. “सर, बाई स्वतः म्हणतायत पूर्णपणे समाधानी. आता त्यांच्याविरुद्ध मी तुमचं कसं घेऊ?”

मसुदा माझा आहे, हे तेव्हा म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. मी पेन्सिल उचलली, मग ठेवली, आणि एकदम पेननंच आठ लिहिले. खोडायची वेळ यायला नको म्हणून.

मागच्या महिन्यात रेणापूरहून एका मुलीचा फोन आला. शेवग्याच्या पानांची पावडर करायची आहे, पानं हिरवी राहिली पाहिजेत, केंद्राकडून ड्रायर मंजूर झालाय.

“यादीत एकच नाव हाय सर. चांगले हायत का?”

मी म्हणालो, “अर्धापूरच्या एका ताईंनी घेतलं होतं त्यांच्याकडून. नंबर देतो. त्यांना विचारा.”

हा फोन लावायला मी सांगितलं, तेव्हा मला खूप वर्षांनी हलकं वाटलं. ती खरं सांगेल. माझ्या पदराला खार लागणार नाही आणि ही मुलगी वाचेल. असं माझं धैर्य, तेही दुसऱ्याच्या जिवावर.

संध्याकाळी रेणापूरचा फोन पुन्हा आला. आवाज आनंदी.

“बोलले सर त्यांच्याशी. म्हणाल्या, मशीन चांगली हाय, काही तक्रार न्हाई.”

“असं म्हणाल्या?”

“हाव. आधी विचारलं, केंद्रातूनच नंबर दिला का म्हणून. मी हो म्हणले. मग म्हणाल्या, माझी फाइल नीट बंद झालीय, मी काहीच वाईट बोलले न्हाई, असं सरांना सांग. मला पुन्हा अर्ज करायचाय.” मग तिला आठवलं. “आणि तुम्हाला एक विचारायला लावलंय. लातूरचे काका यादीत आले का?”

मी म्हणालो, बघून सांगतो. रेणापूरच्या मुलीनं दुसऱ्या दिवशी त्याच एजन्सीच्या निवडीचा अर्ज सही करून पाठवला. चाकणचा नंबर माझ्याकडं आहे. आज लावीन, उद्या लावीन, असं करत हे लिहायला बसलो. अजून लावलेला नाही.